लीला, गुळाचं काय करू?

लीला, गुळाला मुंग्या लागल्या. ढेपा मधल्या खोलीत चौरंगावर ठेवल्या, चौरंगाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, तरी कुठून चढतात कळत नाही. आत्ताच फडक्यानं झटकून आले आणि लिहायला बसले. बसले म्हणजे नुसती टेकले. तू गेल्यापासून मला एका जागी बसवतच नाही. पीठ भिजवते आणि केळीला पाणी सोडलं का बघायला निघते, अर्ध्या वाटेत आठवतं की चूल पेटलेली आहे. परत येते तर चूल पेटवलेलीच नसते. तुझे भाऊ म्हणतात, "काय मांजरनी गत घरभर फिरी ऱ्हायनी?" ते स्वतः ओसरीत खुर्चीवर बसून असतात, हलत नाहीत. त्यांच्या वाटचं पण मीच फिरतेय असं समज.

तुझी गंधमुक्ती झाली, सुतक फिटलं. पंगत उठली, मांडववाला मांडव सोडून घेऊन गेला, पाहुणे आपापल्या गावी गेले. तू कुठल्या शाळेत विज्ञान शिकवलंस, कधी रिटायर झालीस, किती मुलींना पुढे काढलंस, ते सगळं लोकांनी माईकवर सांगितलं. एकानं तर तुला शिस्तप्रिय म्हटलं. मी पदर तोंडाला लावला, बायकांना वाटलं रडते आहे. तुझ्या चपला मी जन्मात कधी एका ठिकाणी जोडीनं पाहिल्या नाहीत. पण ते जाऊ दे. मला तुझी महती सांगायची नाही, मला भांडण पुरं करायचंय. तू ते मधेच टाकून गेलीस, आणि माझ्या घरात हा गूळ राहिला.

गूळ कशाचा ते तुला माहीत आहे, पण लिहिलेलं आणखी कुणी वाचेल म्हणून सांगते. आपल्याकडे लेकरू मोठ्या दुखण्यातून उठलं की देवीच्या मांडवात तागडी टांगतात. एका पारड्यात लेकरू, दुसऱ्यात गूळ, याला तुला करणं म्हणतात. दांडी समान झाली की घंटा वाजवतात आणि तो गूळ देवीचा. तू नंदुरबारच्या दवाखान्यातून घरी आलीस, त्याच आठवड्यात मी देवळात जाऊन बोलून आले, की माझी नणंद उठून चालू लागू दे, तिच्या भारंभार गूळ घालीन. लेकरू नव्हतीस तू, साठी उलटलेली बाई. पण देवीला कुठं वयाची अट आहे?

आल्यावर तुला सांगितलं. तू पोटाला हात लावून हसलीस, कारण हसलं की दुखायचं. म्हणालीस, "बरी झाले तर बसेन पारड्यात. तुझ्यासाठी बसेन, देवीसाठी नाही. पण भाभी, नाही झाले तर गुळाचं काय करशील ते आधी ठरवून ठेव."

मी म्हटलं, "तोंड सांभाळ."

"अगं, विचारते आहे. प्रयोग करायचा तर दोन्ही बाजूंचा विचार करावा लागतो."

मी चहा ठेवते म्हणून उठले. नंतरही तू विचारलंस, मी दर वेळी उठले. कधी चहा, कधी दूध उतू जातंय, कधी दारात कुणी आलंय. तुझा प्रश्न तसाच राहिला. आता चहा कुणासाठी ठेवू आणि उठून जाऊ कुठं?

मी गूळ लगेच आणून ठेवला, वेळेवर चांगला मिळत नाही म्हणून. दुकानदारानं किती विचारलं, तर मी तू चांगली धडधाकट होतीस तेव्हाचं वजन सांगितलं. ढेपा टेम्पोतून उतरवल्या तेव्हा तू खाटेवरून मान वळवून पाहिलंस. "भाभी, एवढा? यातला अर्धा परत द्यावा लागेल." मी म्हटलं, "खाऊन भर. गूळ कमी करायचा नाही, तू वाढायचं." तू नुसती त्या ढेपांकडे बघत राहिलीस, जुन्या फोटोकडे बघतात तसं.

म्हणून मुंग्या लागल्या की माझा जीव वर-खाली होतो. चौरंगावर तू आहेस ना, पूर्वीएवढी. एकेक मुंगी कण घेऊन भिंतीकडे निघाली की मी तिच्या मागे फडकं घेऊन जाते.

आपली थोरली जिजी, माझी जाऊ, रोज येते आणि तेच सांगते. "आते नवस सुटना वं. जी बरीच व्हयनी नही, तिना नवस कसाना? गूळ घरमा कसाले ठेवा? शिरा करी टाक." भाऊ काही सांगत नाहीत, एवढंच म्हणतात, "ठराव काय ते." म्हणजे एकीचं म्हणणं, देवीचं आता काही लागत नाही. आणि मला वाटतं, देवीला नाही द्यायचा तर मग तो सौदाच होता की काय. तू तेच म्हणायचीस, "भाभी, हा सौदा आहे." मी चिडायचे. आता सौदा नव्हता हे दाखवायला देवीला देऊन टाकावा, तर हात उचलवत नाही. तिनं माझं काय ऐकलं?

वजनावरून तुझं-माझं पहिलं भांडण कधी झालं आठवतं का? मी लग्न होऊन आले तेव्हा तू दोन वेण्या घालून सारंगखेड्याला शाळेत जायचीस. माझी शाळा चौथीत सुटलेली. सकाळची भाकरी झाली, तू शाळेत गेलीस, की मी तुझी मागच्या वर्षीची पुस्तकं काढायचे आणि बोट ठेवून ठेवून वाचायचे. कुणी शिकवलं नाही मला, तूही नाही. तू फक्त पुस्तकं रद्दीत जाऊ दिली नाहीस. मला कळायचं की मुद्दाम ठेवतेस, पण दोघी कधी बोललो नाही त्यावर.

तर एक दिवस मी मिरच्या तोलत होते, आणि तू दारात उभी राहून पाठ करत होतीस, की चंद्रावर वस्तूचं वजन सहावा हिस्सा होतं. मी तागडी खाली ठेवली. म्हटलं, "आणि बाकीचे पाच हिस्से?"

"बाकीचे काय?"

"कुठं गेले? कुणी खाल्ले?"

तू म्हणालीस, "कुठं जात नाहीत. वस्तुमान तेवढंच राहतं. चंद्र लहान, तो कमी ओढतो, म्हणून वजन कमी."

"मग मिरच्या कमी झाल्या का नाही?"

"नाही झाल्या."

"मग वजन कमी कसं?"

तू वैतागून पुस्तक मिटलंस आणि जेवायला बसलीस. मला तेव्हा वाटलं मीच जिंकले. पुढे तू शिक्षिका झालीस, धडगावच्या बाजूला डोंगरात नोकरी लागली, मग शहाद्याला आलीस आणि आपल्याच घरी राहून बसनं जा-ये करू लागलीस. लग्न केलं नाहीस. पण हे भांडण तू सोडलं नाहीस आणि मीही नाही. पपईचे क्रेट भरताना तू मधेच म्हणायचीस, "भाभी, हाच क्रेट मंगळावर उचललास तर तिसऱ्या हिश्शाहून थोडा जड लागेल." मी म्हणायचे, "मंगळावर पपई येते का ते आधी सांग." माझे गुडघे दुखू लागले तेव्हा तू म्हणालीस चंद्रावर जा. मी विचारलं, तिथं बारीक होईन का? तू म्हणालीस, "बारीक नाही, हलकी. लुगडं तेवढंच लागेल." आणि गुरूवर? "गुरूवर अडीच पट. पण तिथं उभं राहायला जमीनच नाही, काळजी करू नको." हे असं तू मला समजावायचीस, जसं काही मी उद्या एस.टी. धरून निघणारच होते.

आता ती फजिती. मीच सांगते, नाहीतर जिजी तिखटमीठ लावून सांगत फिरते. देवीच्या मांडवात शेजारच्या नातवाची तुला होती. तू माझ्या शेजारी बसली होतीस. गूळ थोडा कमी पडला, पोराकडचं पारडं काही उचलेना, आणि कुणीतरी दुकानाकडे पळालं. बायका कंटाळलेल्या. मला वाटलं, इतकी वर्षं ऐकतोय तर आपलं ज्ञान जरा दाखवू. मी मोठ्यानं म्हटलं, "हीच तुला चंद्रावर केली असती तर सहावा हिस्साच गूळ लागला असता."

सगळ्या माझ्याकडे कौतुकानं पाहायला लागल्या. मी पदर नीट केला. आणि तू, सख्खी नणंद, सगळ्यांच्या देखत म्हणालीस, "भाभी, गूळ काय आठेच पृथ्वीवर ऱ्हाई का? तो बी चंद्रवरच येई ना!"

काय हसल्या बायका! जिजीला तर ठसका लागला. "मंग आठेतीन गूळ फेकाना का वर?" म्हणाली. तू मात्र हसत नव्हतीस, तू शिकवायला लागली होतीस. मांडवात उभी राहून, हात पसरून, तूच तागडी झालीस. पोरगं हलकं झालं तर गूळही तितकाच हलका होईल, दांडी तिथंच राहील जिथं इथं आहे. तागडी एकाला दुसऱ्याशी तोलते, म्हणून ती कुठल्याही ग्रहावर तेच सांगते. स्प्रिंगचा आकड्याचा काटा नेला तर तो मात्र चंद्रावर कमी दाखवेल, कारण तो फक्त ओढ मोजतो. तेवढ्यात गूळ आला, पारडं उचललं, घंटा वाजली. पण मला त्या घंटेचा काही आनंद झाला नाही. घरी येईपर्यंत मी तुझ्याशी बोलले नाही, आणि पुढेही बरेच दिवस "जेवण झाकून ठेवलंय" एवढंच.

समजूत काढायची तुझी पद्धतही तशीच. माफी नाही मागितलीस. एक दिवस शाळेतून आलीस, पर्स फेकलीस, मला हाताला धरून ओसरीत नेलंस. आपली बंगई, तो साखळ्यांवरचा जुना सागवानी झोपाळा, रिकामा होता. "ढकल," म्हणालीस. मी ढकलला, गेला. मग तू आणि भाऊंनी मिळून गव्हाचं भरलेलं पोतं त्यावर ठेवलंत. भाऊ विचारत होते, "काय चालनं हाई?" तू म्हणालीस, "भाऊ, तुम्ही बसा." मग मला म्हणालीस, "पोत्याचं वजन साखळ्यांनी पेललंय. तुला काही उचलायचं नाही. आता ढकल."

मी ढकलला. हलेना. दोन्ही हात लावले तेव्हा कुठं निघाला. आणि निघाला तसा थांबेना, मला घेऊन चालला.

"हे," तू म्हणालीस. "जे निघायला आडवं येतं आणि निघाल्यावर थांबायला आडवं येतं, ते वस्तुमान. चंद्रावर नेलंस, अंतराळात नेलंस, तिथं काटा शून्य दाखवेल, पण ढकलायला गेलीस तर हे एवढंच आडवं येईल. तुझे ते पाच हिस्से कुणी खाल्ले नाहीत, भाभी. इथंच आहेत."

मला कळलं. इतक्या वर्षांनी, साखळी धरून उभी असताना, कळलं. पण मी म्हटलं, "पोतं उतरवा आता, गहू काय झोका खायला घेतलाय?" कळलं असं तोंडानं कधी सांगितलं नाही तुला. आज सांगते.

आणि मग तुझं दुखणं आलं.

त्यातलं बाकी काही लिहीत नाही. एकच सकाळ लिहिते, कारण ती माझ्या डोक्यातून जात नाही. तुला उन्हात बसायचं होतं. मी धरून धरून ओसरीत आणलं, बंगईवर बसवलं, पाठीला उशी दिली, आणि सवयीनं एक झोका दिला. रोज द्यायचे तेवढाच. बंगई सुटली ती पार भिंतीपर्यंत गेली. मी घाबरून साखळी पकडली. थांबवायलाही काही लागलं नाही, बोटानं थांबली.

तू माझ्याकडे पाहिलंस. मला कळलं आहे हे तुला कळलं. मी तोंडाला येईल ते बोलत सुटले. "वजनच कमी झालंय ना गं. वजनाचं काय एवढं, ते तर चंद्रावर पण कमी होतं. तू तेवढीच आहेस, वस्तुमान कुठं जातंय?"

तू उशीला टेकलीस. म्हणालीस, "चंद्रावर असते तर तुझं म्हणणं खरं होतं. मी आपल्या ओसरीत आहे, भाभी. इथं काटा कमी दाखवतो तेव्हा माणूसच कमी झालेलं असतं. आणि काटा तरी कशाला, तुला झोक्यानंच सांगितलं ना?"

मग तू माझा गाल थोपटलास, पोरींचा थोपटत असशील तसा. "पण बरोबर शिकलीस हं. पूर्ण मार्क."

लीला, मला मार्क नको होते गं. मला तू एकदा खोटं बोलायला हवी होतीस. हो भाभी, तेवढीच आहे, एवढं म्हटलं असतंस तर तुझ्या विज्ञानाचं काय जाणार होतं? किती राग आला मला तुझा. त्या रागात मी आत जाऊन भांडी आपटली. आणि आता त्याच गोष्टीचं बरं वाटतं, की घरात निदान एक माणूस असं होतं जे मला खोटं सांगत नव्हतं. दवाखानेवाले सांगत होते सुधारणा आहे, पाहुणे सांगत होते चेहरा उजळलाय. तू मला माझ्या अकलेएवढं खरं सांगितलंस. दोन्ही वाटतं, एकाच वेळी. कुठलं धरावं कळत नाही.

तुला नेलं तेव्हा बायका घरीच थांबल्या. मी थांबले नाही, मागच्या दारानं केळीच्या बांधावर जाऊन उभी राहिले. वारा तापीकाठच्या स्मशानाकडून गावाकडे होता. तू सांगायचीस की लाकूड जळतं तेव्हा धूर, वाफ, राख सगळं धरून ठेवता आलं आणि हवेतून घेतलेलं त्यातून वजा केलं, तर पहिल्याएवढंच भरेल. मी तिथं उभी राहून धुराकडे बघत होते. जिजी मागून आली, पदर ओढत म्हणाली, "चाल घर, आठे उभं ऱ्हाऊ नको." मी गेले नाही. प्रकाशा गावी अस्थी सोडायला नेल्या तेव्हा भाऊ मडकं मांडीवर घेऊन बसले होते. संगमावर मी मागितलं, थोडा वेळ धरलं. ते किती जड होतं हे मी सांगणार नाही. तू असतीस तर नेमकं विचारलं असतंस.

परवा इथपर्यंत लिहून ठेवलं होतं, आज पुढे लिहिते. काल जमना आली. तुझी धडगावची विद्यार्थिनी. आता तिकडेच नर्स आहे. तिला उशिरा कळलं, म्हणून गंधमुक्तीला पोहोचली नाही. घाटातून जीपनं खाली उतरून, शहाद्याहून बस धरून, धुळीनं माखून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बाईंचं घर हेच ना?" मी तिला बसवलं. ती रडली नाही, एकदम सांगायलाच लागली. तुम्ही म्हणे एकाच जीपमध्ये ये-जा करायच्या, दाटीवाटीनं. वळणावर सगळ्या पोरी एका बाजूला कलंडायच्या, एकमेकींच्या अंगावर पडून ओरडायच्या, आणि तू त्या गर्दीत अंग चोरून बसलेली, कडेला दरी, म्हणायचीस, "कुणी ढकलत नाही तुम्हाला. जीप वळली, तुमचं वस्तुमान सरळ चाललंय." जमना म्हणाली, "आमच्या घरी पावरी बोलायचे, मराठी निम्मं कळायचं नाही. पण हे त्या वळणावर कळलं. अजून वळण आलं की बाई आठवतात. आज येताना सगळ्या घाटात आठवल्या."

मी ऐकत होते आणि मला वाटलं, ही पोर सकाळपासून निघालेली, हिला अजून पाणी विचारलं नाही. आपल्या घरी लांबून आलेल्याला आधी गूळ-पाणी. मी आत गेले, डबा उघडला, रिकामा. दुकानात जायचं मला इतके दिवस सुचलंच नव्हतं. पाण्याचा तांब्या एका हातात तसाच. आणि दुसरा हात, खरं सांगते, मी काही ठरवलं नव्हतं, दुसऱ्या हातानं बत्ता घेतला आणि चौरंगावरच्या ढेपेवर मारला.

मोठा टवका निघाला. मी तो वाटीत घालून तिला नेऊन दिला. तिनं गूळ खाल्ला, घटाघटा पाणी प्यायली, "हां, आता बरं वाटलं," म्हणाली. तेव्हा मला कळलं मी काय केलं. आता भारंभार राहिला नाही. आता तो देवळात नेऊन काही उपयोग नाही, कुठल्या पारड्यात घालणार? मी खाली बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट बसले.

जिजी तेवढ्यात आलीच. ढेप बघून तिनं कपाळावर हात मारला. "नवसना गूळ फोडा वं! माय, काय करं तू हाई?" मी म्हटलं, "जिजी, हात पुढे कर." तिनं भीतभीतच केला. मी तिच्या हातावर खडा ठेवला. मग उठले आणि बाकीच्याही फोडायला लागले. जमनानं पदर खोचला आणि न सांगता खाली फडकं अंथरलं. आवाज ऐकून गल्लीतल्या बायका आल्या. तुला आंघोळ घातली त्या दोघी आल्या, रोज डबा घेऊन येणारी आली. जिजी म्हणाली, "वजन करीसन तरी दे, कोणले कमी, कोणले जास्त जाई." मी म्हटलं, "जाऊ दे." ज्याच्या पदरात जेवढा येईल तेवढा दिला. जन्मभर तोलून देणारी बाई मी, मिरची तोलून, पपई तोलून, लेकीला पाठवायचं तूप तोलून. काल तागडी खुंटीवरून काढली नाही.

आणि फोडता फोडता मला कळलं, मी हा नवस कशाला बोलले होते. तू म्हणायचीस सौदा. नव्हता, लीला. मला तुला त्या पारड्यात बसलेली बघायची होती. तुझं लग्न झालं नाही म्हणून तुला कुणी कधी पाटावर बसवलं नाही, ओटी भरली नाही. दुसऱ्यांच्या हळदीत तू मागे उभी राहून ताटं मोजायचीस. रिटायर झालीस तेव्हा शाळेनं शाल दिली, ती तू येता येता बसमध्ये विसरलीस आणि हसत घरी आलीस. मला वाटायचं, एकदा तरी हिला गावाच्या मधोमध बसवावं, गूळ घालत राहावं, घालत राहावं, आणि सगळ्यांना दिसावं की ही आमची लीला एवढी आहे. देवीचं नाव मी वापरलं. तू एरवी बसली नसतीस म्हणून. हे तुला तोंडावर सांगायला हवं होतं. पण त्यासाठी मला चहाला न उठता तुझ्यासमोर बसून राहावं लागलं असतं.

भाऊंना दिला तेव्हा ते कितीतरी वेळ खडा मुठीत धरून होते. तू गेल्यापासून त्यांनी गोड तोंडात घेतलं नाही, गंधमुक्तीचं पण ताटात तसंच ठेवलं होतं. मग तोंडात टाकला. म्हणाले, "चांगला शे." आणि उपरण्यानं तोंड झाकलं. मी आत निघून आले, त्यांना बघितलेलं आवडलं नसतं.

एक खडा उरवला होता. आज दुपारी तो घेऊन देवळात गेले. सगळ्यांना दिला तेवढाच, मोठा नाही. पुजारी म्हणाला, "काकी, ती नवसनी तुला?" मी म्हटलं, "नही करनी." त्यानं पुढे विचारलं नाही, बरं केलं. मी खडा पायरीवर ठेवला. हात जोडवेनात. मी तिच्याकडे बघत उभी राहिले. मनात म्हटलं, बाई, तुझ्याकडे मी काय राज्य मागितलं होतं?

मागे दोघी बायका येऊन थांबल्या होत्या, तरी मी हलले नाही. आणि मग मला वाटलं, तू असतीस तर माझ्या बाजूनं बोलली नसतीस. तू देव न मानणारी, पण कुणावर उगीच ठपका आलेला तुला चालायचा नाही. तू म्हणाली असतीस, "भाभी, तिच्या हातात काय होतं? डॉक्टरांच्या हातात नव्हतं ते तिच्या हातात कुठून येणार? तिच्यावर कशाला चिडतेस?"

माझ्याच देवीची वकिली तू माझ्यापाशी करणार, आणि मी ऐकायची! मला हसू आलं तिथं, पायरीवर.

मग हात जोडले. डोळे नाही मिटले. पण जोडले, तुझ्या सांगण्यावरून.